मोर्तब ते एन्टर

परिच्छेद दिसायला सोवळ्यातला आहे. नाव संस्कृत, राहणी साधी, समासापासून दोन बोटे आत सरकून नम्रपणे उभा राहणारा. पण त्याची नीट चौकशी केली तर हा गृहस्थ आपल्याकडे जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी आला असे निघते, तेही दुसऱ्याच्या नावावर. संस्कृतात परिच्छेद म्हणजे अख्खा अध्याय. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त असे दहा परिच्छेद आहेत आणि त्यांतला एकेक वाचायला बसले तर मध्ये जेवून यावे लागते. आज ज्याला आपण परिच्छेद म्हणतो, म्हणजे चार-सहा वाक्ये झाली की लेखकाने घेतलेला श्वास, त्याला हे भारदस्त नाव पुढे मिळाले. एखाद्या मामलेदाराची शिपायाच्या जागेवर बदली व्हावी, पण हुद्दा तोच राहावा, असा हा प्रकार आहे.

त्याआधी आपले पूर्वज लिहीत नव्हते असे मुळीच नाही. ते राज्ये मिळवत होते, गमावत होते, तह करत होते, मोडत होते, भावाभावांत वाटण्या करून पुन्हा पंचांपुढे भांडत होते, आणि या सगळ्याचे ढीगभर कागद करत होते. पण हे कागद मोडीत. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढी आणि मग दोरीवर धोतरे वाळत घालावीत तशी अक्षरे तिला लटकवत जाई. हात उचलायचा नाही. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपले, विषय कुठे बदलला हे ज्याचे त्याने ओळखावे. लग्नाच्या पंगतीत कोण मुलाकडचा आणि कोण मुलीकडचा हे जसे आपण नुसत्या बसण्यावरून ओळखतो, तसे. कागद महाग होता आणि काम घाईचे होते. रिकामी जागा सोडणे म्हणजे उधळपट्टी.

शिवाय रिकामी जागा धोक्याची. जागा दिसली की तिथे कोणीतरी काहीतरी लिहितो, हा सरकारी कागदाचा सनातन अनुभव आहे. आपल्या इतिहासातली सर्वांत गाजलेली दुरुस्ती तर एका अक्षराची आहे. 1773 साली नारायणराव पेशव्यांच्या खुनात 'धरावे'चे 'मारावे' झाले अशी आख्यायिका आहे. 'ध'चा 'मा' खरोखर झाला की नाही यावर इतिहासकारांनी खुशाल भांडावे. पण कागदात मागाहून फेरफार होऊ शकतो ही भीती लोकांच्या मनात किती खोल होती, ते त्यावरून कळते.

या भीतीवर त्या काळच्या कचेऱ्यांनी फार उत्तम इलाज काढला होता. शिवछत्रपतींच्या पत्राच्या शेवटी, शेवटच्या अक्षराला खेटून, एक छोटी मुद्रा असे : 'मर्यादेयं विराजते'. येथे मर्यादा शोभते आहे. म्हणजे मजकूर इथे संपला. यापुढे कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे. पेशवाईत 'लेखनसीमा' आली, 'मोर्तब सुद' आले. मध्ये कुठे थांबा याची खूण नाही, पण शेवट कुठे याची पक्की. ही मुद्रा वाचकांनी जरा खिशात ठेवावी, पुढे लागणार आहे.

परिच्छेदाच्या सर्वांत जवळचा आपला नातेवाईक म्हणजे 'कलम'. तहनाम्यात, वाटणीपत्रात कलमे पाडलेली असत. म्हणजे जिथे भांडण होण्याची शक्यता, तिथेच तेवढा मजकूर तोडलेला. बाकी सगळे सलग. पोथ्यांचे तरी काय? ओवीचा आकडा आणि दोन उभे दंड आले की समजायचे, एक घास झाला.

तिकडे युरोपातही परिस्थिती फार वेगळी नव्हती. ग्रीक लोक समासात एक छोटी आडवी रेघ मारत. 'पॅराग्राफ' या शब्दाचा मूळ अर्थच 'बाजूला लिहिलेले'. पुढे मध्ययुगात नव्या मुद्द्याआधी लाल शाईने एक खूण काढू लागले, उलट्या 'पी'सारखी दिसणारी. ही खूण काढायला वेगळा माणूस असे. लेखनिक त्याच्यासाठी जागा सोडून पुढे जाई. मग छपाई आली, पुस्तके भराभर निघू लागली, लाल शाईवाल्याला सवड मिळेना, आणि त्याच्यासाठी सोडलेली जागा तशीच राहिली. आज परिच्छेदाची पहिली ओळ जी आत सरकलेली असते, ती म्हणजे त्या न आलेल्या माणसाची राखून ठेवलेली खुर्ची, असे सांगतात. खाते बंद झाले तरी पान वहीत राहावे, तसे.

मराठीत हा पाहुणा छपाईच्याच बोटीतून उतरला. 1805 साली विल्यम केरीने बंगालमध्ये श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण छापले, 1810 मध्ये कोश काढला, आणि तो कोश तर मोडी खिळ्यांनी छापला. 1832 च्या 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी, शेजारी शेजारी. इंग्रजी मजकुराने परिच्छेद पाडला की शेजारच्या मराठीला नुसते बघत बसणे अवघडच. शेजाऱ्याने दाराला पडदा लावला की आपल्याही दाराला तो लागतोच.

मग आले मेजर थॉमस कँडी. हा माणूस मला फार आवडतो. इंग्लंडातून भावाबरोबर हिंदुस्थानात आला, मोल्सवर्थच्या कोशाला हात लावला, सरकारी भाषांतरकार झाला, आणि सबंध आयुष्य मराठी पाठ्यपुस्तके तपासण्यात घालवले. 1850 मध्ये त्याने 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाची पुस्तिका काढली. म्हणजे, मराठ्यांनो, तुम्ही बोलताना थांबता, मग लिहिताना का थांबत नाही, असा त्याचा एकंदर सवाल होता. मेजर असल्यामुळे स्वल्पविरामाला 'विश्राम' आणि पूर्णविरामाला 'खडे राहा' असे सांगणे त्याला सोपे गेले असावे.

पण खरा परिच्छेद पाडला तो छापखान्यातल्या जुळाऱ्याने. आज कोणाला पटणार नाही, पण त्या काळी कागदावरची रिकामी जागा ही वजनदार वस्तू होती. शब्दांमध्ये फट हवी तर तिथे शिशाचा आखूड तुकडा बसवायचा, परिच्छेद आत सरकवायचा तर एक जाड 'क्वाड', दोन ओळींत अंतर हवे तर शिशाची पट्टी. काहीही न छापण्यासाठी सुद्धा जुळाऱ्याला हाताने काहीतरी उचलून ठेवावे लागे. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहॅमच्या हाताखाली जावजी दादाजी पोरवयात शिकले आणि पुढे त्यांनी 'निर्णयसागर' उभा केला. राणोजी रावजी आरूंनी खिळे कोरले. निर्णयसागराची पोथी आजही उघडून पाहावी, ओळी कशा रेषेत बसलेल्या असतात! लेखकाला यातले काही करावे लागत नसे. त्याने पाठकोऱ्या कागदांवर गिचमीड लिहावे, समासात बाण काढावेत, 'येथे मागील पानावरील मजकूर घ्यावा' असे म्हणून झोपी जावे. लेखक थांबायला विसरला तर जुळारी थांबे. मराठी साहित्यातले कितीतरी श्वास हे महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या जुळाऱ्यांनी घेतलेले आहेत. त्यांचे नाव मुखपृष्ठावर कधी आले नाही.

टंकयंत्राने या व्यवस्थेला पहिला धक्का दिला. आता ओळ संपत आली की घंटी वाजे, आणि टंकलेखकाने दांडा ढकलून गाडी पुन्हा उजवीकडे न्यायची. नवा परिच्छेद म्हणजे पट्टीवर पाच ठोके. शीर्षक मध्यभागी आणायचे तर अक्षरे मोजा, ओळीत मावणाऱ्या अक्षरांतून ती वजा करा, उरतील त्यांना दोनाने भागा आणि तेवढे ठोके मारा. टंकलेखनाच्या परीक्षेला बसलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांत हे भिनले. कॉम्प्युटरवरचे 'एन्टर' बटण म्हणजे त्याच दांड्याचा नातू. काही कळफलकांवर त्याचे नाव अजून 'रिटर्न' आहे. नातू वेगळ्या स्वभावाचा निघाला हे मात्र आजोबांच्या ओळखीच्या लोकांना कोणी सांगितले नाही. आजोबा फक्त ओळ संपवत. नातू दर ठोक्याला परिच्छेद संपवतो.

1974 मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोन्यी या दोघांनी 'ब्राव्हो' नावाचा कार्यक्रम तयार केला. त्यात पडद्यावर जे दिसेल तेच कागदावर उमटणार. जे दिसते तेच मिळते! आमच्या नामपूरच्या कांदा मार्केटमध्ये हे वाक्य कोणी मोठ्याने म्हणून दाखवावे. असो. सिमोन्यी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि 1983 मध्ये 'वर्ड' बाजारात आला. या कार्यक्रमांत दिसण्यामागे आणखी एक गोष्ट दडलेली असते, तिला 'स्टाइल' म्हणतात. ही स्टाइल म्हणजे परिच्छेदाला नेमून दिलेला दर्जा. हे शीर्षक, हा मजकूर, हे अवतरण. दर्जा एकदा दिला की त्याची उंची, जाडी, समास सगळे एका जागी ठरते. दर्जाचे नियम बदला, त्या दर्जाचे सगळे परिच्छेद एकदम बदलतात. या सगळ्यांचा कर्ता पुरुष म्हणजे 'नॉर्मल'. बाकीच्या बहुतेक स्टाइली त्याच्या आश्रयाने राहतात. कर्त्याने अक्षर बारीक केले की सबंध घर बारीक होते, फक्त ज्यांनी आपापली वेगळी चूल मांडली आहे ते सोडून.

आता ती खिशातली मुद्रा काढा. 'वर्ड'मध्ये ती जुनी उलट्या 'पी'ची खूण अजून जिवंत आहे, फक्त लपलेली. बटण दाबले की ती प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी उभी दिसते. आणि गंमत अशी की परिच्छेदाचे सगळे दर्जे, समास, अंतर त्या शेवटच्या खुणेतच साठवलेले असतात. खूण पुसली की दोन परिच्छेद एक होतात आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्याचे रूप मुकाट्याने घ्यावे लागते. मर्यादेयं विराजते! तीनशे वर्षांपूर्वीच्या चिटणिसाला हे समजावून सांगायला पाच मिनिटे पुरली असती. आमच्याकडच्या पदवीधरांना वर्षे लागतात.

मराठीची फरफट आणखी निराळी. सुरुवातीचे मराठी फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली देवनागरी चित्रे. फॉन्ट असेल तर 'श्रीगणेशाय नमः', नसेल तर त्याच जागी इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबटोप्यांचा उकिरडा. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली, आणि 'विंडोज 2000'बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' घरोघरी पोचला. तोपर्यंत लोकांनी आयुष्यभराची लेखने जुन्या फॉन्टांत करून ठेवली होती.

त्यांतले एक माझ्याकडे आले. मी बँकेत कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणून गावात मला त्यातला जाणकार समजतात. गोठ्यात बसणाऱ्याला ढोरांचा डॉक्टर समजावे तसे. मला शाळेत शिकवलेले एक गुरुजी आहेत, वय एक्याऐंशी. त्यांनी बागलाणच्या गावगाड्यावर सव्वादोनशे पाने लिहिली आहेत : मोसम नदीचे पाट, बारा बलुतेदार, आठवडे बाजार, मुल्हेर-साल्हेरच्या वाटा, आणि शेवटी एक प्रकरण त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांचे, अहिराणीतल्या. कुठल्याशा छपाईवाल्याने आधी मजकूर जुन्या फॉन्टमधून नव्यात आणला, मग 'परिच्छेद नीट नाहीत, करून आणा' म्हणून पेनड्राइव्ह परत केला.

गुरुजी टंकयंत्राच्या पिढीचे. त्यामुळे प्रत्येक परिच्छेदाआधी पाच ठोके, शिस्तीत. नवे प्रकरण नव्या पानावर यावे म्हणून सतरा वेळा एन्टर. त्यामुळे वर एक वाक्य वाढवले की कुंभारांचे प्रकरण एक ओळ खाली सरके आणि सुतारांचे पुढच्या पानावर जाई. काही ठिकाणी नातवाने मदत म्हणून शिफ्टसकट एन्टर मारला होता. त्याने ओळ तुटते पण परिच्छेद संपत नाही. आणि दोन्ही समास सरळ ठेवले असले की अशा ओळीतले तीन शब्द यात्रेत चुकलेल्या मंडळींसारखे पानभर लांब लांब उभे राहतात. एका स्टाइलला कोणीतरी 'आपोआप बदल' अशी खूण करून ठेवली होती. मी 'लोहार' एवढा शब्द शीर्षकात ठळक केला, तर सुतार, चांभार, न्हावी, गुरव सगळे एकदम ठळक झाले. बलुतेदारांत इतकी एकजूट इतिहासात कधी नव्हती.

आमच्या धंद्यात याला सस्पेन्स खाते म्हणतात. हिशेब जुळत नाही, फरक तिथे टाका, पुढे बघू. रिकाम्या एन्टरने जागा सोडणे हा तोच व्यवहार आहे. दिसायला ताळेबंद जुळतो, मार्चमध्ये बोंब होते. तेव्हा पहिल्यांदा लपलेल्या खुणा दिसायला लावल्या, दोन-दोन परिच्छेदखुणांच्या जागी एकेक असे 'शोधा आणि बदला' पुन्हा पुन्हा चालवले, परिच्छेदाआधीचे ठोके काढून 'नॉर्मल'लाच पहिली ओळ आत घ्यायला सांगितले, हाताने केलेली सजावट कंट्रोल आणि क्यू, कंट्रोल आणि स्पेस दाबून उतरवली, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शीर्षकाला त्याचा दर्जा देऊन 'तू नेहमी नव्या पानावर' असे बजावले. तीन रविवार गेले. दोनशे पाने सोमवारच्या कवायतीसारखी उभी राहिली.

अडले ते शेवटच्या प्रकरणात. माझ्याआधी त्या छपाईवाल्याच्या माणसाने तिथे सगळे एन्टर एका फटक्यात काढून टाकले होते. ओव्या सलग गद्य झाल्या होत्या. शब्द सगळे जागेवर, थांबा एकही नाही. एखादा मोडी कागदच. मूळ वही विचारली, तर ती टाइप झाल्यावर घरात सापडेनाशी झालेली. आता या ओळी कुठे तोडायच्या हे सांगणारा इलाज कुठल्या कार्यक्रमात नाही. 'शोधा' म्हणजे काय शोधा?

मला बहिणाबाई आठवल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. त्या बोलत गेल्या, मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ कागदावर उतरवत गेले. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, गाणी 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली. म्हणजे ओळ कुठे मोडायची हे कोणाच्या तरी कानाने ठरवले. कान जवळ होते म्हणून ठरले.

गुरुजींना घरी बोलावले. खुर्चीवर बसून त्यांना येईना. म्हणून ते खाली मांडी घालून बसले, उजवा हात जात्याच्या खुंट्यावर असावा तसा फिरवू लागले, आणि मग सुरू झाले. मी पडद्यावर बोट ठेवून मागे मागे. जरा चुकीच्या जागी एन्टर पडला की ते मान हलवत, "आठे नही, तठे थांबानं." इतिहास सांगताना पुणेरी मराठी बोलणारा हा माणूस आईच्या ओव्यांत शिरला की एकदम सहा वर्षांचा होई. एका ठिकाणी ओळ संपली तरी त्यांनी हात फिरवणे थांबवले आणि गप्प राहिले. मला वाटले, विसरले.

"पुढे, गुरुजी?"

"थांब. इथे ती जात्यात मूठ घालायची. इथे रिकामी ओळ सोड."

रिकामी ओळ एन्टरने सोडायची नाही, हे तीन रविवार मी त्यांनाच शिकवत होतो. तेव्हा नवी स्टाइल केली : ओवीची ओळ, समासापासून आत, डावीकडून, आणि मूठ घालण्याआधीच्या ओळीनंतर अठरा पॉइंट जागा. नाव काय द्यायचे म्हणून विचारले. यादी आधीच मोठी होती, 'नॉर्मल', 'हेडिंग एक', 'हेडिंग दोन'. गुरुजी म्हणाले, "जानकी लिही." त्यांच्या आईचे नाव मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळले.

फाइल गेली. आठवड्याने छपाईवाल्याचा फोन आला, गुरुजी माझ्याकडेच चहाला बसले होते. म्हणे, बाकी सगळे फर्स्ट क्लास, पण ओव्यांच्या प्रकरणात मध्येमध्ये जागा फार वाया जाते आहे. काढली तर पाच पाने वाचतील, काढू का?

गुरुजींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला अहिराणीत जे काही ऐकवले ते छापण्यासारखे नाही. जागा आहे तशीच आहे.